मेथीच्या वाफ्यातला मलिदा

"हौसे, अवो हौसे! हातातलं टाक अन् इकडं ये! तुह्या सुनेचे गुन पाह्य!"

सोजर आत्याची हाक अशी होती, की विहिरीवर मोट ओढणारे बैल मध्येच थबकले. मोठी आई, म्हणजे माझी थोरली चुलती हौसा, पिठाच्या हातानं मळ्याकडे धावली आणि तिच्या मागे मी. शाळेला रामनवमीची सुट्टी होती, आणि सुट्टीच्या दिवशी घरात काहीतरी घडावं असं माझं देवाकडे नेहमीचंच मागणं असतं. त्या दिवशी देवानं जरा जास्तच मनावर घेतलं.

आत्या मेथीच्या वाफ्यात उकिडवी बसली होती. दुसऱ्या दिवशीच्या शेलूबाजारच्या आठवडी बाजारासाठी जुड्या बांधायला म्हणून ती पहाटेच मळ्यात आली होती. लाल मुंग्यांची एक रांग बांधावरून उतरून वाफ्याच्या कोपऱ्यात जात होती. आता मुंग्या दिसल्या तर माणूस पाय उचलून पुढे जातो. पण आमची आत्या! तिनं खुरप्यानं माती उकरली. आत पळसाची पानं, आणि पानांत मलिद्याचे मुटके. वरचे दोन ताजे, खालचे मुंग्यांनी पोखरून भुगा केलेले.

"सवारीचा मलिदा," मोठी आई म्हणाली.

"मंग काय गोवऱ्या हायेत? मातीत पुरला! कोनाच्या तरी नावानं पुरला. बबन कधीपासून खाटंवर हाये, थे आठव."

आमच्या माळ्याच्या घरात मोहरमची सवारी बसते, हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. पणजोबा चंपतराव यांचं एकही लेकरू जगत नव्हतं. त्यांनी हुसेनबाबाला नवस बोलला आणि पोर जगलं. तेव्हापासून चांदीचा पंजा चांद दिसला की माझ्या मोठ्या बाबांच्या, म्हणजे थोरल्या चुलत्यांच्या ओसरीवरच्या चौकीवर बसतो आणि दहाव्या दिवशी उठतो. रोज संध्याकाळी शेजारचे शेख दगडू मुजावर येऊन लोबान लावतात, फातेहा वाचतात, आणि मग घरातल्या प्रत्येक माणसाच्या हातावर मलिद्याचा एकेक मुटका येतो. पोळी कुस्करून त्यात गूळ-तूप. तो तिथंच, पंजासमोर खायचा. सांडायचा नाही, उरवायचा नाही. त्या छत्तीस साली तर गंमतच झाली. ज्या दिवशी आम्ही पाडव्याची गुढी उतरवली, त्याच संध्याकाळी मोहरमचा चांद दिसला. म्हणजे रामाचं नवरात्र आणि हुसेनबाबाचे दहा दिवस हातात हात घालून आले. ओसरीच्या एका कोनाड्यात रामाची तसबीर, खाली चौकीवर पंजा, आणि लोबानाचा धूर दोघांच्याही नाकात.

"कायवरून गिरजाच?" मोठ्या आईनं विचारलं. गिरजा म्हणजे तिची सून, बबनदादाची बायको, माझी वहिनी. मागच्या वैशाखात लग्न होऊन मानोऱ्याकडून आली होती. हा तिचा या घरातला पहिलाच मोहरम.

"परवा वाटा भेटल्यावर पदराखाली हात धरून इकडं येतांनी पाह्यलं म्या. म्हटलं, जात असन परसाकडं. अन् सवारीसमोर येकदा तरी वाकली का थे? अन् गळ्यात थे काळी पुडी कायची बांधते? इचारलं तं चोळीत कोंबते. बाई, नवऱ्याले खाटंवर पाडून उजागिरीनं हिंडून राह्यली!"

"सोजरबाई, हे यायच्या कानावर नोका घालू," मोठी आई काकुळतीला आली. यायच्या म्हणजे मोठ्या बाबांच्या.

"इंद्रभान माहा भाऊ पयले, तुहा नवरा मंग," असं म्हणून आत्यानं सगळे मुटके पदरात बांधले आणि ती निघाली.

मोठी आई वाफ्यातच उभी राहिली. तिच्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं ते तिनंच मला पुढे सांगितलं. ही सून तिनं स्वतः पाहून आणली होती. घरच्या पुरुषांना कारंज्याकडची पोरगी पसंत होती. मोठी आई एकटी अडून बसली, की मानोऱ्याचीच करायची, पोरगी खाली मान घालून बसते. आता ती खाली मान तिला वेगळीच दिसायला लागली. गिरजाच्या माहेरच्यांनी सोयरीक ठरताना कुठलाच कुळाचार विचारला नव्हता. खंडोबा कुठला, देवी कुठली, काही नाही. मुलीकडचे लोक एवढं कमी विचारतात का? आणि लग्नाच्या पंगतीत व्याही देवापुढचं पान वाढताना नेमका उठून बाहेर गेला होता. तेव्हा वाटलं होतं, तंबाखू खायला गेला असेल.

ती पाय धुऊन घरात आली तेव्हा माझे बा चुलीपाशी उभे होते. बांचं नाव रंगराव, मोठ्या बाबांचे धाकटे भाऊ. एकच मळा, एकच विहीर, पण चुली दोन आणि ओसऱ्या दोन, मध्ये कुडाची भिंत.

"वयनी, म्या समदं आयकलं," बा म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नोका. गाडी जुंपून ठेवतो. सवारी उठाच्या आधी तिले मानोऱ्याले पोचवून देऊ. सवारी बसते त्या घरात करनी निंगाली असं गावात झालं, तं मान जाईन आपल्या घरून."

"आपल्या म्हंजे कोनाच्या?"

"म्हंजे तुमच्या ओसरीवरून. घरातून नाई जाऊ देनार मी. आमची ओसरी हायेच की."

आणि मला एकदम आठवलं. बांनी चार दिवसांपूर्वी आमची ओसरी पांढऱ्या मातीनं सारवून घेतली होती. ना सण, ना पाहुणे. आईनं विचारलं तर म्हणाले, "उगाच." मी बांकडे पाहिलं. बांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चौदा वर्षं ज्या माणसाच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिल्या, त्याच्यावर संशय घ्यायला किती वेळ लागतो? मला तर चुलीवरचं दूध उतू जायला लागतो तेवढासुद्धा लागला नाही.

मोठ्या आईनंही सारवलेली ओसरी पाहिली असणार. ती पदर खोचून म्हणाली, "रंगरावभाऊजी, गाडी तुमची तुमच्यापाशी ठेवा. माह्या सुनेले पोचवाची असन तं मी पोचवीन."

म्हणजे घटकाभरापूर्वी सुनेवर संशय घेणारी बाई दिराचा डाव दिसताच सुनेच्या बाजूला गेली. निदान तेवढ्यापुरती तरी.

गिरजावहिनी तेव्हा मधल्या खोलीत होती. बबनदादाच्या कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवत होती, आणि कुडाच्या पलीकडलं एकेक अक्षर तिला ऐकू येत होतं.

"मी सांगतो," बबनदादा उठायला लागला. "आत्ताच सांगतो समद्याईले."

"झोपा. तुमी सांगसान तं माह्या बापाचं काय?"

तिच्या बापानं बैलगाडीत बसवताना तिचा हात धरून सांगितलं होतं: गिरजे, सासरी सवारी बसते हे मला साखरपुड्यानंतर समजलं. आता मोडलं तर तुझं दुसऱ्यांदा जमणार नाही. तू आपलं मनात ठेव. तिचं सगळं माहेर महानुभाव पंथाचं, ज्यांना आमच्याकडे मानभाव म्हणतात. वहिनीनं तर महंतांकडून उपदेशच घेतलेला. एकदा उपदेश घेतला की पंथाच्या पाच कृष्णांखेरीज कुणापुढे वाकायचं नाही आणि दुसऱ्या कुठल्याही देवापुढचं तोंडात घालायचं नाही. हे ती घरात बबनदादाखेरीज कुणाला बोलली नव्हती, मलाही हे सगळं तिनं पुढे सांगितलं. सवारीसमोर सगळे वाकले की ती खाली पडलेली फुलं वेचायला लागायची. वाकल्यासारखी दिसायची, वाकायची नाही. मनात म्हणायची, दंडवत तुला नाही, माझ्या देवाला.

"मले माहेरी धाडलं," ती हळू म्हणाली, "तं लोक बापाले इचारतीन, करनी केली म्हून परत आली का? धाकट्या दोन बहिनी हायेत मले."

दुपारी बारा वाजता मारुतीच्या देवळात रामजन्म झाला. पाळण्याची दोरी ओढली, गुलाल उडाला, सुंठवडा वाटला. मी मुद्दामच वहिनीच्या शेजारी उभी होते. हेरगिरी कशी करायची हे मला कुणी शिकवलेलं नाही, उपजतच आहे. सुंठवड्याची चिमूट तिनं तळहातावर घेतली, इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या हातावर ठेवली.

"रुखमे, तू खाय. तुले आवडते ना."

मी खाल्ला. मग घरी येईपर्यंत तीन वेळा जीभ बाहेर काढून नाकाच्या शेंड्याकडून पाहिली, काळी तर पडली नाही ना. करणी पोटात गेली की जीभ काळी पडते, असं आत्यानंच सकाळी सांगितलं होतं. पण चालता चालता एक गोष्ट मला खटकली. सवारीचा मलिदा खात नाही, समजू शकते. रामाचा सुंठवडासुद्धा नाही? रामानं काय घोडं मारलं?

उन्हं कलली तशी मोठ्या बाबांनी सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. आमच्याकडे रामनवमीचा उपास जन्म झाला की सुटतो, त्यामुळे उपासाची सबब कुणालाच उरली नव्हती. शेख दगडूंना वेळेआधीच बोलावून आणलं होतं. दार आतून लावून घेतलं. बबनदादाची खाट बाहेर आणली. पंजा हिरव्या कापडात, मोगऱ्याच्या गजऱ्यांत. लोबानाचा धूर इतका दाट, की समोरच्याच्या डोळ्यांतलं पाणी रडण्याचं की धुराचं, कळायला मार्ग नव्हता.

मोठे बाबा कमी बोलतात. त्यांनी आत्यानं पदरात आणलेले मुटके परातीत ठेवले, बाजूला एक ताजा मुटका ठेवला आणि म्हणाले, "सूनबाई, इथी ये. सवारीसमोर हा येक खाय. खाल्ला का वाद सरला."

"करनी करनाराच्या घशाखाली सवारीचा मलिदा उतरत नाई," आत्यानं माझ्या कानात सांगितलं, पण ओसरीभर ऐकू जाईल असं.

वहिनी पुढे आली. पदर नाकापर्यंत. मोठी आई तिच्याकडे अशी पाहत होती, की तिचंच तोंड नकळत उघडलं होतं. लहान पोराला घास भरवताना बायका करतात ना, तसं. खा गं बाई, खाऊन टाक.

"मी नाई खात," वहिनी म्हणाली.

लग्न झाल्यापासून मोठ्या बाबांनी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. घरातली सून सासऱ्यासमोर बोलत नसते, आणि ही पहिल्यांदा बोलली ती असं.

"पाह्य!" आत्या उठली. "पाह्य इंद्रभान! म्या काय सांगतलं व्हतं? अन् थे गळ्यातली पुडी!" तिनं वहिनीच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला हात घातला.

"आत्याबाई, ओढू नका!" वहिनीनं दोन्ही हातांनी गळा धरला. "थो रिद्धपूरचा खडा हाये. माह्या देवाच्या जागेवरचा."

"रिद्धपूर?" माझे बा सरसावले. "म्हंजे मानभाव? मानभावाची पोरगी हाये तू?"

"उपदेशी हाये मी. लग्नाच्या आंधीपासून. दुसऱ्या देवाले हात नाई जोडत अन् त्याचा परसाद नाई खात. सवारीचा नाई अन् रामाचाबी नाई."

असं आहे होय! माझ्या मनातलं रामाचं घोडं एकदम सुटलं. पण ओसरीवर कुणाचंच काही सुटलं नव्हतं.

"मंग तुह्या बापानं सोयरिकीच्या वक्ती काहून नाई सांगतलं?" बा कडाडले.

"सांगतलं असतं तं तुमी केली असती?"

मोठ्या आईनं डोळे मिटले. तिला लग्नाच्या पंगतीतून उठलेला, तंबाखू न खाणारा व्याही आठवला.

"खात नाई तं नाई," आत्या हटायला तयार नव्हती, "पन पुरला कायले? कुत्र्याले टाकाचा! पुरते थे करनीवालीच पुरते."

"कुत्र्याले कसा टाकू?" वहिनीला पहिल्यांदाच राग आल्यासारखा वाटला. "तुमच्या देवाचा हाये ना थो. माहा नसला म्हून काय झालं? कोनाच्या पायाखाली येऊ नये म्हून चांगल्या मातीत ठेवला."

"अन् बबनचा ताप?"

खाटेवरून आवाज आला. "आत्या, तिचा वाटा मी खात व्हतो."

सगळ्यांनी माना वळवल्या. बबनदादा कोपरावर रेलून उठला होता. तोंड पिवळं पडलेलं, पण कान लालबुंद.

"चांद दिसला तवापासून. वाटा भेटला का थे मले मागच्या दारी आनून द्याची. माहा येक अन् तिचा येक. घरात नासधूस नोको म्हून दोन्ही खाल्ले. तुपात निथळते थो मलिदा! मंग पोट बिघडलं, ताप आला. मी खाटंवर पडलो तं खानार कोन? म्हून तिनं पुरला."

शेख दगडूंनी दाढी धरली. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. "अरे लेकाच्या," ते म्हणाले, "हुसेनच्या नावानं लोक रोजे धरते, पानी सुदा पेत नाई, अन् तू दोन-दोन वाटे हानते? अन् वरतून करनीचं नाव!"

मोठ्या आईला हसू आलं, मलाही आलं. आत्या हसली नाही. आत्यानं वहिनीला पायापासून डोक्यापर्यंत पुन्हा एकदा पाहिलं. एवढी सरळ गोष्ट, एवढी सरळ कशी?

"करनी नसन," बा म्हणाले, "पन घरात सवारीले न माननारी सून हाये, अन् खोटं बोलून आलेली. आखरीच्या दिवशी नव्या सुनेच्या हातचं मलिद्याचं पयलं ताट चढवा लागते. हे चढवन का? नाई चढवत, हे कळलं का गाव इचारन, सवारी या घरात काहून बसवता?"

मोठे बाबा इतका वेळ परातीकडे पाहत होते. त्यांनी मान वर केली, पण बांकडे नाही. दगडूंकडे. "दगडूभाई, तुमी बाहेर सांगसान?"

दगडूंचं हसू मावळलं. "माहा पोरगा अकोल्यावरून मौलवीचं आयकून आला. म्हन्ते, बाबा, हे पंजे अन् डोले आपल्या धर्मात नाईत, हात लावनार नाई मी. चांद दिसल्यापासून मामाच्या घरी जाऊन बसला. गावाले म्या सांगतलं, बिमार हाये." मग त्यांनीच विचारलं, "तुमी बाहेर सांगसान?"

दोघं म्हातारे एकमेकांकडे पाहत राहिले. बाजारात दोन माणसं एकमेकांच्या तराजूच्या काट्याकडे पाहतात तसं.

"सवारी उठेपर्यंत कोनी तोंड उघडाचं नाई," मोठे बाबा अखेरीस म्हणाले. "सूनबाईचं ठेवाचं का पोचवाचं, थे मंग पाहू. तोपर्यंत सोजर, तू हिच्यावर ध्यान ठेव."

आणि आत्यानं ध्यान ठेवलं! वहिनी पाण्याला निघाली की आत्या घागर घेऊन निघे. वहिनी भाकरी थापू लागली की आत्या पिठात डोकावून पाही. वाटा मिळाला की आत्या तो वहिनीच्या हातावरून स्वतःच उचलून तोंडात टाकी, वर म्हणे, "दाखव हात. दुसरा दाखव." रात्री अंथरूण वहिनीच्या दाराशी. एवढा पहारा तर मंगरूळच्या कचेरीलाही नसेल.

तिकडे बा दोन्ही दिवस गाडीच्या चाकांना वंगण देत होते. मला त्या वंगणाचा वाससुद्धा सहन होईना. "बा, इतकं वंगन कायले?" मी एकदा विचारलंच. "चाकं करकर करते," ते म्हणाले. चाकं मुळीच करकर करत नव्हती.

शेवटच्या दिवशी सकाळपासूनच अंगणात गाव लोटलं. सवारी उठायची, वेशीपर्यंत मिरवत जायची आणि नाल्याच्या पाण्यानं धुऊन थंडी व्हायची. ताशेवाले ताशे शेकत होते. पोरं "या हुसेन" करत नाचत होती. पाटील दौलतसिंग पांढरा फेटा बांधून पुढे बसले होते आणि त्यांच्या शेजारी पाटलीणबाई, बेबीबाई. आत्यानं सासरच्या धनजहून येताना खास सवारीसाठी आणलेली हिरवी चोळी घातली होती. सवारी वेशीवरच्या वडाखाली आली की पंजाखालून जायचं, हा तिचा विधवा झाल्यापासूनचा नेम. एकही साल चुकलेला नाही. त्यासाठीच ती एवढा रस्ता तुडवत येते, आमच्या प्रेमानं नाही, असं आई म्हणते.

दौलतसिंगांनी मिशीवरून हात फिरवला. "इंद्रभान, सूर्य डोक्यावर येऊन राह्यला. पयलं ताट नव्या सुनेच्या हातचं. कुठी हाये सूनबाई? काहून दिसत नाई?"

मोठ्या बाबांनी ताट हातात घेतलं, परत खाली ठेवलं. दगडू लोबान फुंकण्यात गुंग झाले. मोठी आई चौकटीत खिळून उभी.

आणि मी बांकडे पाहिलं. बा पाटलांच्या अगदी जवळ उभे होते. ते नंतर मला म्हणाले, "पोरी, तुही नजर त्या वक्ती मले गोफनीच्या गोट्यावानी लागली." पण माझी नजर नसती तरी त्यांनी वहिनीचं गुपित फोडलं नसतं, असं मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. एक वाक्य पुरलं असतं. पाटील, थे मानभाव हाये. बस. पुढच्या वर्षी पंजा पांढऱ्या मातीनं सारवलेल्या ओसरीवर.

"पाटील..." बा म्हणाले.

"अडचन हाये तिले!"

आवाज आत्याचा. माजघराच्या दारात ती उभी होती, आणि पहारेकऱ्याच्या सवयीनं तिनं वहिनीचं मनगट घट्ट धरलेलं होतं.

"बाहेरची हाये थे. सकाळपासून. ताटाले कशी शिवन?"

दौलतसिंगांनी खाकरून मान दुसरीकडे वळवली. बायकांच्या अडचणीवर पुरुष काही विचारत नाहीत. पण बेबीबाई पुरुष नव्हत्या. त्यांचे बारीक डोळे आत्याच्या हातावर गेले.

"अवो सोजरबाई," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "बाहेरची हाये म्हनता, अन् तुमी तं तिचा हात धरून उभ्या?"

सगळं अंगण त्या दोन हातांकडे पाहायला लागलं. अजून मी त्या क्षणाचा विचार करते. आत्या हात सोडून म्हणू शकली असती, चुकलं माझं, मला खरं काय ठाऊक, तिनंच तसं सांगितलं. सगळं वहिनीवर ढकलून मोकळी झाली असती. तिला सवय होती ढकलायची. तिनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग चौकीवरच्या पंजाकडे पाहिलं, फार वेळ. हात सोडला नाही.

"शिवली म्या," ती म्हणाली. "ध्यानात नाई राह्यलं. चाल वं, बाहेर चाल. दोघी बसू."

आणि हिरवी चोळी घातलेली माझी आत्या सवारीला पाठ न दाखवता, मागे मागे सरकत, मागल्या दारानं निघून गेली.

बांनी घसा साफ केला. "पाटील," ते म्हणाले, "मी म्हनून राह्यलो व्हतो, का ऊन तापून राह्यलं. वयनीच चढवतीन ताट. उचला, चाला." आणि त्यांनी स्वतः पुढे होऊन सवारी उचलणाऱ्या मोठ्या बाबांच्या कमरेला शेला बांधला. बांधताना मोठे बाबा हलक्या आवाजात बोलले, पण मी जवळच होते. "रंग्या, गाडीच्या जुवाची सिवळ काढून ठेव. सोजरनं सवारी सोडली आज. आता कोनाले कुठी पोचवाचं नाई." बांनी गाठ पुन्हा सोडून नीट मारली.

सवारी उठली. सगळं गाव तिच्या मागे गेलं. मला मात्र पाण्याचा तांब्या घेऊन गोठ्यामागच्या छपरीत धाडलं, जिथे अडचणीच्या दिवसांत आमच्या घरच्या बायका बसतात, आणि सवारीच्या दिवशी त्यांना शिवलेल्याही. दोघी दोन टोकांना गोणपाटावर बसल्या होत्या. मी शिवाशीव नको म्हणून वरून पाणी ओतलं. खोटी अडचण, पण पाणी वरूनच ओतावं लागलं. कुडाच्या फटीतून बेबीबाईंच्या मोलकरणीचे डोळे दिसत होते.

"आता तीन दिवस इथीच बसाचं हाये तुह्या पायी," आत्या म्हणाली. "माह्याकडं पाहू नोको."

"नाई पाहत, आत्याबाई."

ताशे वेशीकडे गेले, तशी मोलकरीणही फटीपासून हटून तिकडे पळाली. आत्यानं मान वर करून ऐकलं. आता सवारी वडाखाली आली असेल, आता बायका पंजाखालून जात असतील. ती हे सगळं कानानं पाहत होती. मग आवाज नाल्यात उतरला आणि बंद झाला. आत्यानं पदरानं तोंड पुसलं. कपाळही पुसलं. डोळे मात्र तिनं मला न दाखवता पुसले.

"गिरजे," ती एकदम वळली. "खरं सांग. करनी नाई ना केली?"

"नाई, आत्याबाई."

"सप्पत घे."

वहिनीनं हात पुढे केला आणि अर्ध्यातच थांबवला. "कोनाची घेऊ?"

आत्यानं तोंड उघडलं. सवारीची म्हणणार होती. पण म्हणाली नाही. रामाची? तेही नाही. मारुतीची, आईभवानीची, मंगरूळच्या पिराची, एकेक नाव तिच्या ओठापर्यंत आलं आणि परत गेलं. आयुष्यभर जमवलेले सगळे देव असे एकामागून एक निरुपयोगी होताना मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेले नाहीत.

ती गोणपाटावरून सरकली. वहिनीच्या अगदी जवळ. तिचा तो अर्धवट उचललेला हात तिनं ओढला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"माही घे," आत्या म्हणाली.